लाव्याची पिले आणि यिर्मयाचा एक शब्द



लावा हा पक्षी आपल्या ओळखीचा झाला तो शब्बाथशाळेत. रान, मान्ना आणि सांजवेळी छावणीवर उतरणारे लाव्यांचे थवे हे चित्र लहानपणापासून आपल्या डोळ्यांसमोर आहे. परंतु लाव्याचे अंडे हाती घेतलेले, त्याचे पिलू कवच फोडताना पाहिलेले आपल्यापैकी किती जण असतील? पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत असूनही पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत मीही ते पाहिले नव्हते. पाहिले ते तंजावरास, पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही तेथे राहावयास गेल्यावर. घराच्या परसात आधीच्या भाडेकरूने बांधलेले जाळीचे पक्षीघर रिकामे पडले होते, आणि रिकामे पक्षीघर पाहून मनुष्याला स्वस्थ बसवत नाही.

तंजावर म्हटले की मराठी माणसाला भोसल्यांची गादी आठवते. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा लांबलचक मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी आणि मोडी कागदपत्रांचे मोठे भांडार आहे. पण मी आज आपल्याला नेणार आहे ते देवळात वा ग्रंथालयात नव्हे, आमच्या परसात. राजांकडे पुढे येऊच.

प्रथम पक्ष्याची ओळख नीट करून घेऊ. तंजावरच्या बाजारात ‘काडै’ या तमिळ नावाने जो लावा विकला जातो तो रानातला नव्हे. तो जपानी लावा, मनुष्याने पिढ्यान् पिढ्या पाळून माणसाळविलेला. आपल्या देशात तो १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाहून इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणण्यात आला, आणि तमिळनाडूत त्याचे पालन फार पसरले. रानातला लावा पकडणे अथवा त्याची अंडी उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पाळण्याची हौस असलेल्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. कावेरीच्या भातशेतांच्या बांधांवर पावसाळी लावा आजही असतो. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कोरोमंडेल’ हा शब्द आहे, म्हणजे हाच चोळमंडलाचा किनारा. आणि इस्राएल लोकांच्या छावणीवर उतरलेला लावा यांचाच भाऊबंद, पण दूरचा प्रवासी. तो आफ्रिकेतून वसंतात उत्तरेकडे जातो आणि शरदात परततो. निर्गमाचा सोळावा अध्याय दुसऱ्या महिन्यात घडतो, आणि सीनाय सोडल्यानंतरचा गणनेचा अकरावा अध्यायही दुसऱ्या वर्षाच्या त्याच सुमाराचा आहे. दोन्ही वेळी वसंत. वारा मागे असेल तर हे जड अंगाचे पक्षी समुद्र ओलांडतात आणि थकून जमिनीलगत उडत येतात, इतके की हातांनी धरता यावेत.

इब्री भाषेत या पक्ष्याला ‘सेलाव’ म्हटले आहे. हा शब्द निर्गम १६:१३, गणना ११:३१ व ३२ आणि स्तोत्र १०५:४० एवढ्याच ठिकाणी येतो. स्तोत्र ७८ मध्ये तीच हकीकत आहे, परंतु तेथे पक्ष्याचे नाव नाही, केवळ पंख असलेले पाखरू एवढेच म्हटले आहे. मराठीत ‘लावे’ आणि तमिळमध्ये ‘काडै’ हे प्रतिशब्द अगदी बिनतक्रार बसले आहेत. भाषांतरकाराला एवढे सुख क्वचितच मिळते. अडचण दुसऱ्या पक्ष्याची आहे, आणि तिकडे मी आपल्याला अंड्यांच्या वाटेने नेणार आहे.

पाळलेल्या लाव्याविषयी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. त्याची मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी घालते, पण ती उबवीत नाही. माणसाच्या हाताखाली पिढ्या गेल्या तसा तिचा तो स्वभावच लोपला. अंडे कोठेही टाकते आणि चालू लागते. म्हणून पिले हवी असतील तर अंडी उबविण्याचे यंत्र हवे, नाहीतर खुडूक बसलेली लहान चणीची गावठी कोंबडी हवी.

मी यंत्र घेतले. थर्मोकोलची पेटी, आत बल्ब, लहानसा पंखा आणि उष्णता ठरावीक ठेवणारी कळ. चोवीस अंडी जवळच्या एका पालनकेंद्रातून आणली. प्रत्येक अंडे दहा-बारा ग्रॅमचे, कोंबडीच्या अंड्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाचे, आणि कवचावर तपकिरी-काळे डाग, जणू शाईचे शिंतोडे. आपण घेणार असाल तर तडा गेलेले, फार लांबट वा फार गोल अंडे नाकारा. अंडी धुऊ नका, कारण कवचावरील नैसर्गिक लेप गेला की जंतूंना वाट मिळते. जितकी ताजी तितकी बरी. थंड जागा असेल तर आठवडाभर ठेवता येतात, पण तंजावरच्या उकाड्यात मी दोन दिवसांहून अधिक थांबले नाही. यंत्रात पंखा असेल तर उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअस असावी आणि आत पाण्याची वाटी असावी, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. चौदाव्या-पंधराव्या दिवसानंतर फिरविणे थांबवून ओलावा वाढवावयाचा. सतराव्या-अठराव्या दिवशी पिले निघतात. कोंबडीचे एकवीस दिवस ज्यांना पाठ आहेत त्यांची येथे फसगत होते.

रविवार, ४ नोव्हेंबर २०१८ रोजी उपासनेहून आल्यावर मी अंडी आत मांडली. आठव्या दिवशी रात्री अंधार करून बॅटरीच्या झोतासमोर एकेक अंडे धरले. डागांमुळे आतले दिसणे कठीण, तरी बारीक लाल शिरा आणि हलणारी छाया ज्यांत दिसली ती अठरा भरली. सहा कोरी निघाली, ती काढून टाकली.

बाराव्या दिवशी, १६ नोव्हेंबरच्या पहाटे, ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमच्या बाजूने किनाऱ्यावर आले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात नारळाच्या बागांच्या बागा आडव्या झाल्या. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे झाडे वाढविली त्यांचे दुःख येथे एका परिच्छेदात सांगता येणार नाही, आणि त्यापुढे माझी अठरा अंडी म्हणजे काहीच नव्हे. परंतु वीज गेली ती आमच्या भागात दोन दिवस आली नाही, आणि त्या अठरांची जबाबदारी माझ्यावर होती. गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्या पेटीत अंड्यांच्या भोवती ठेवल्या, वरून जुनी शाल गुंडाळली. उजाडेपर्यंत पारा तिशीवर आला होता. अर्ध्या वाटेवरचा गर्भ काही तासांची गारठ सोसतो, पण दिवस काढू शकत नाही.

शेजारी एक वृद्ध तमिळ ख्रिस्ती बाई राहतात. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, त्या मला अक्का म्हणतात, वयाचा हिशेब कोणीच ठेवीत नाही. पडलेल्या फांद्या ओलांडून मी त्यांच्याकडे गेले ते मुळात चहाला दूध आहे का हे विचारायला. बोलता बोलता अंड्यांची गोष्ट निघाली. त्यांनी कोपऱ्यातील टोपली दाखविली. तीत त्यांची बुटकी तांबडी कोंबडी तीन दिवसांपासून अंडी नसतानाही बसून होती. “हिला आपले काय नि परके काय कळते? घेऊन जा टोपलीसकट,” असे त्या म्हणाल्या. अशा कोंबडीला तमिळमध्ये ‘अडैकोळी’ म्हणतात. आपण खुडूक म्हणतो.

खुडूक कोंबडी हलविणे नाजूक काम असते. ती बिथरली तर उठते आणि पुन्हा बसत नाही. आम्ही टोपलीवर कापड टाकून तिला आणले, अंधाऱ्या न्हाणीघरात ठेवले, आणि तिच्या पोटाखाली हात घालून दोन-दोन करीत अठराही अंडी सरकविली. पहिल्यांदा तिने माझ्या मनगटावर चोच मारली. मग चोचीनेच एक अंडे स्वतःकडे ओढले, पिसे फुलविली आणि खाली बसली. एवढी लहान अंडी जड कोंबडीखाली फुटतात, म्हणून बुटकी कोंबडी मिळाली हे माझे भाग्यच. दोन दिवसांनी वीज आली, तरी मी अंडी यंत्रात परत ठेवली नाहीत.

२१ तारखेला सकाळी अंड्यांतून आवाज येऊ लागला. वाचकहो, हा आवाज आपण एकदा तरी ऐकावा. कवच अजून शाबूत असते आणि आतून बारीक किलबिल येते, आणि कोंबडी खालच्या आवाजात उत्तर देते. मग कवचाच्या रुंद टोकाला एक टवका उडतो. पिलू आत गोल फिरत फिरत टोपीसारखे झाकण कापून काढते. बाहेर येते ते ओले, सहा-सात ग्रॅमचे, अंगठ्याच्या पेराहून थोडे मोठे. तासाभरात वाळून पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा लोकरी गोळा होतो आणि धावू लागतो.

येथे माझी चूक सांगितली पाहिजे. एका अंड्याला टवका उडून सहा-सात तास झाले, पुढे काही हालचाल होईना. मला राहवले नाही. नखाने थोडे कवच सोलले. आतल्या पातळ पडद्यातून लगेच रक्त आले, कारण त्या पडद्यातील रक्तवाहिन्या अजून आटल्या नव्हत्या आणि पोटातील बलक पुरता आत ओढला गेला नव्हता. पिलू संध्याकाळपर्यंत मेले. टवका उडाल्यापासून बाहेर येईपर्यंत अर्धा दिवस वा अधिकही जाऊ शकतो, आणि त्या वेळात पिलू थकलेले नसून आतले काम पुरे करीत असते, हे मी नंतर शिकले. अकरा पिले निघाली होती, दहा राहिली. उरलेली सात अंडी तशीच राहिली.

आता माझ्या मेजावरच्या वचनाकडे येते. त्या महिन्यांत आमच्या भाषांतर-मंडळात यिर्मयाचा सतरावा अध्याय चालू होता, आणि अकराव्या वचनावर आम्ही अडलो होतो. कृपया आपली प्रत उघडून ते वचन वाचा, आणि घरात हिंदी वा इंग्रजी प्रत असेल तर तीही शेजारी ठेवा. अन्यायाने धन मिळविणाऱ्याला तेथे एका पक्ष्याची उपमा दिली आहे. तो पक्षी इब्रीत ‘कोरे’, म्हणजे साद घालणारा. डोंगरात ज्याची पारध करतात तो हाच, १ शमुवेल २६:२० मध्ये दाविदाने स्वतःला ज्याची उपमा दिली. मराठीत त्याला तित्तर म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. प्रश्न पक्ष्याचा नव्हता, तो काय करतो याचा होता. इब्रीत दोनच क्रिया आहेत: ‘दागर’ आणि ‘लो यालद’. दुसरीचा अर्थ स्पष्ट आहे, ‘जन्म दिला नाही’. पहिलीचा अर्थ काय?

जुन्या इंग्रजी भाषांतराने घेतले की पक्षी अंड्यांवर बसतो पण पिले निघत नाहीत. जुने तमिळ भाषांतरही त्याच वाटेने गेले. म्हणजे कष्ट वाया गेले. उलट ग्रीक सप्ततीने घेतले की ज्यांना जन्म दिला नाही अशांना त्याने गोळा केले. म्हणजे परक्याचे आपले केले. दोन्ही अर्थांत अन्यायी मनुष्याची फजिती होते, पण फजितीची जात वेगळी आहे. पहिल्यात धन हाती लागतच नाही. दुसऱ्यात लागते, नांदते, आणि मध्येच सोडून जाते. वचनाचा उत्तरार्ध पाहा: आयुष्याच्या मध्यावर ते त्याला सोडून जाते. न निघालेले पिलू सोडून कसे जाईल?

‘दागर’ हे क्रियापद संपूर्ण जुन्या करारात आणखी एकाच ठिकाणी आहे, यशया ३४:१५ मध्ये. अदोमाच्या ओसाड भूमीचे ते वर्णन आहे. तेथील प्राणी कोणता यावर विद्वानांत वाद आहे, कोणी घुबड म्हणतात तर कोणी सापाची एक जात. तो वाद बाजूस ठेवून क्रियांचा क्रम पाहा. ती घरटे करते, अंडी घालते, अंडी फोडून पिले काढते, आणि मग आपल्या सावलीत ‘दागर’ करते. हा क्रम मी पूर्वी अनेकदा वाचला होता. परंतु पिले निघाल्यावर उबविणे कसले, असे वाटून मी तो शब्द मनातल्या मनात मागे सरकवीत असे. आजच्या इब्रीतही अंडी उबविण्याच्या यंत्राला याच धातूपासून ‘मदगेरा’ म्हणतात, त्यामुळे तो समज आणखी घट्ट झाला होता.

न्हाणीघरात तांबड्या कोंबडीने मला दाखविले की अंडी उबविणे हे निम्मे काम. पिले वाळून धावू लागली, दाणे टिपू लागली, तरी पाच-दहा मिनिटांनी गारठून चिवचिवत. मग ती अंग सैल करून बसे, पंख किंचित उचले, आणि दहाही पिले तिच्याखाली नाहीशी होत. एखाद्या पंखाच्या फटीतून चोच तेवढी बाहेर. यशयाची ‘सावली’ ती हीच. अंड्यावर बसण्याला आपण उबविणे म्हणतो, ह्या दुसऱ्या कामाला मराठीत ‘पंखाखाली घेणे’ किंवा ‘पाखर घालणे’ असे सुंदर शब्द आहेत. यशयात ‘दागर’ स्पष्टपणे ह्या दुसऱ्या कामासाठी आला आहे. मग यिर्मयातही तोच अर्थ का घेऊ नये? ज्यांना आपण जन्म दिला नाही त्यांना पंखाखाली घेणारा तित्तर. सप्ततीच्या भाषांतरकारांनी कदाचित असे काही प्रत्यक्ष पाहिले असेल.

मात्र येथे मला एक शंका छळू लागली, आणि ती व्याकरणाची नव्हती. आमच्या न्हाणीघरातील कोंबडीही परक्यांनाच पंखाखाली घेऊन बसली होती. ती काय अन्यायी मनुष्याची उपमा? तिच्यामुळे तर दहा जीव वाचले. संदेष्टा परक्या पिलांना सांभाळण्यालाच दोष देत आहे काय? आपल्या मंडळ्यांत किती घरांनी दत्तक मुले वाढविली आहेत, किती वसतिगृहांतल्या मावश्यांनी परक्यांच्या लेकरांचे केस विंचरले आहेत! त्यांच्यापैकी कोणी हे वचन वाचून खाली मान घालावी, असे भाषांतर माझ्या हातून जाऊ नये.

ह्या शंकेचे उत्तर मला लाव्यांच्याच अध्यायात सापडले. गणना ११ आपण नेहमी मांसाच्या हव्यासाचा धडा म्हणून शिकवितो, आणि तो तसा आहेच. ज्याने कमीत कमी गोळा केले त्यानेही दहा होमेर केले, म्हणजे दीड-दोन हजार लिटरांचा ढीग. ते त्यांनी छावणीभोवती पसरून ठेवले, बहुधा वाळविण्यासाठी, कारण मिसरी लोक लावे खारवून न शिजवता खात असे हेरोडोटसही लिहितो. शेवट किब्रोथ-हत्तव्वा येथील थडग्यांत झाला. पण लावे येण्याच्या आधी, बाराव्या वचनात, मोशे देवाजवळ गाऱ्हाणे करतो. ह्या लोकांना पोटात मी वाढविले काय, ह्यांना जन्म मी दिला काय, की दाईने तान्ह्याला न्यावे तसे मी ह्यांना उराशी धरून न्यावे? ‘जन्म दिला काय’ येथे इब्रीत तेच ‘यालद’ आहे जे यिर्मयात आहे. आणि ज्याला आपण सहज ‘दाई’ म्हणून वाचतो तो शब्द इब्रीत पुल्लिंगी आहे, ‘ओमेन’: परक्याचे मूल सांभाळणारा पुरुष, पालक. एस्तेर २:७ मध्ये मार्दखयाने अनाथ हदस्सेचे पालन केले तेथे हाच शब्द आहे, आणि यशया ४९:२३ मध्ये राजे तुझे पालक होतील तेथेही हाच. ‘आमेन’ ज्या धातूतून आला त्याच धातूचा हा शब्द, असे अनेक कोशकार मानतात.

मोशेने तक्रार केली, पण देवाने त्याला ‘हे तुझे नव्हेत, सोड’ असे म्हटले नाही. सत्तर वडील सोबत दिले आणि काम त्याच्याकडेच ठेवले. जन्म न देता सांभाळणे ही शास्त्रात निंदेची गोष्ट नव्हे, हे मला तेथे लख्ख दिसले. यिर्मयाचा दोष ‘न्यायाने नव्हे’ ह्या शब्दांत आहे. त्याचा तित्तर गोळा करतो ते स्वतःसाठी.

आणि तंजावरात राहून ‘ओमेन’ ह्या शब्दावर विचार करताना ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ आठवणार नाही असे होणार नाही. १७२६ साली प्रशियात जन्मलेला हा मिशनरी १७५० साली तरंगमबाडीला उतरला आणि पुढे तंजावरास स्थिरावला. लग्न केले नाही. तमिळ शिकला, फारसी शिकला, आणि मराठी दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. तुळजाजीराजांनी मरणापूर्वी, १७८७ साली, दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झच्या हाती सोपविण्याची इच्छा धरली. श्वार्ट्झने राज्याचा भार घेण्यास नकार दिला, त्यामुळे राजांचे भाऊ अमरसिंह पुढे आले. पण मुलाची आबाळ होते आहे, त्याला कोंडून ठेवले आहे, असे दिसताच हा म्हातारा पाद्री स्वस्थ बसला नाही. कंपनी सरकारकडे खटपट करून त्याने मुलाला सोडविले, शिक्षणाची व्यवस्था केली, आणि १७९३ साली त्याला मद्रासला नेण्यात आले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. हे आपल्या नियतकालिकांतून कधी कधी खंतीने सांगितले जाते, मला ती खंत अनाठायी वाटते. ज्याला आपण जन्म दिला नाही त्याला पंखाखाली घेताना तो पुढे कोणत्या रंगाचा निघावा ही अट श्वार्ट्झने घातली नव्हती. राजांनी मात्र इंग्लंडातील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून आणविले. ते तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आजही आहे. मरणशय्येवरील गुरूचा हात धरून तरुण राजा उभा आहे. थडग्यावरील इंग्रजी पद्यही राजांनी स्वतः रचले. पुढे ह्याच राजांनी छापखाना काढला आणि १८०६ साली इसापनीती ‘बालबोध मुक्तावली’ म्हणून मराठीत, देवनागरी टाइपात छापली. रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना त्यांनी तंजावरच्या चित्रकारांकडून काढविलेली पशुपक्ष्यांची चित्रे भेट दिली, ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लाव्यांच्या मागे धावणाऱ्या मला राजांच्या ह्या छंदाचे विशेष अप्रूप वाटते.

पिलांची पुढील हकीकत सांगितल्यावाचून लेख संपविणे बरे नव्हे, कारण आपल्यापैकी काही जण त्यासाठीच वाचीत असतील. कोंबडी नसेल तर खोक्यात बल्ब टांगून पहिला आठवडा सदतीस अंशांच्या आसपास ऊब ठेवा आणि दर आठवड्याला तीन अंश कमी करा. थर्मामीटरपेक्षा पिलांकडे पाहा. बल्बखाली गर्दी करून चिवचिवत असतील तर थंडी आहे, चोची उघड्या टाकून कडेला पळत असतील तर उकाडा आहे. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात आणि मग सुधारत नाहीत. खरखरीत गोणपाट वा जाडा पुठ्ठा चालेल. पाण्याच्या बशीत गोट्या अथवा खडे भरा. एवढीशी पिले अर्ध्या इंच पाण्यात बुडतात, हे मी शेजारणीकडून वेळीच ऐकले म्हणून माझे एक पिलू वाचले. खाद्य बारीक दळलेले आणि प्रथिनांनी भरपूर हवे, शेकडा चोवीस ते सत्तावीस. कोंबडीच्या पिलांचे नेहमीचे खाद्य त्यांना कमी पडते. मुंग्यांसाठी खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि मांजर, मुंगूस, उंदीर यांच्यासाठी जाळी बारीक छिद्राची हवी. छप्पर एकतर फार ठेंगणे ठेवा किंवा वर मऊ जाळी ताणा, कारण लावा दचकला की सरळ वर उसळतो आणि डोके फोडून घेतो.

तीन आठवड्यांत नरांची छाती विटकरी झाली, मादीच्या छातीवर ठिपके आले. सहा नर, चार माद्या. हे प्रमाण अगदी उलटे हवे, एका नराला दोन-तीन माद्या. म्हणून चार नर मी ओळखीच्या पालकाला देऊन टाकले. चौथ्या आठवड्यात पिसे पुरी भरली आणि पिले कोंबडीच्या पंखाखाली जाईनाशी झाली. ती बसून बोलावी, ती ऐकत नसत. दोन-तीन दिवस तिने हाका मारल्या, मग एका सकाळी उठून अम्मांच्या अंगणात उकिरडा उकरायला निघून गेली, आणि परत फिरून पाहिले नाही. सोडून कोण कोणाला गेले हे मला नक्की सांगता येणार नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले अंडे मिळाले, वाळूत, डागांचे. त्याच आठवड्यात मंडळाच्या बैठकीत मी यिर्मया १७:११ साठी ‘पंखाखाली घेणे’ हा शब्दप्रयोग सुचविला. माझ्याहून ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की मराठी वाचकाच्या कानाला त्यात माया ऐकू येते, आणि येथे तर लोभाची उपमा आहे. ‘उबविणे’ कोरडे आहे, तेच बरे. हरकत वजनदार होती. मी यशयाचा क्रम दाखविला, त्यांनी सप्ततीतील ‘गोळा केले’ हे क्रियापद दाखविले. तासभर चर्चा होऊन मजकुरात ‘गोळा करणे’ राहिले आणि ‘पंखाखाली घेणे’ तळटिपेत गेले. मला ते मान्य झाले. परत आले तेव्हा अम्मा कुंपणापाशी उभ्या होत्या, कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे, अंडी आहेत का म्हणून विचारीत.